सरपणाचे तीन भारे



आपल्या शेती कार्यक्रमात चूल, मोरी आणि उकिरडा या तीन घरगुती गोष्टींबद्दल सांगितलं, तेव्हा पुष्कळांनी विचारलं की ही मापं लिहून घ्यायला वेळ पुरत नाही, छापून मिळतील का? म्हणून ही पत्रिका. नवेगाव बांध आणि आसपासच्या गावांतलं घर डोळ्यापुढे ठेवून ती लिहिली आहे. पण धानाचा आणि जंगलालगतचा मुलूख जिथं जिथं आहे, तिथं ती तशीच लागू पडेल.

सुरुवात तळ्यापासून करू. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नवेगावचा बांध घातला असं सांगतात. सात बहिणींच्या डोंगरांमध्ये अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं हे पाणी आपण रोज पाहतो. कोहळी मंडळींनी या भागात गावोगाव तलाव आणि बोड्या बांधल्या. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव असं पडलं. पाळीवर माती टाकणं, नहर साफ करणं ही कामं पूर्वी गावातली माणसं मिळून करत. आता बऱ्याच ठिकाणी पाळ कुणाची नि गाळ कुणाचा हेच ठरत नाही. ते असो. तलावाचा प्रश्न मोठा आहे, तो एका पत्रिकेत मावणार नाही.

पण तलाव आणि जंगल या दोघांशी आपल्या घराचा रोजचा व्यवहार आहे, हे मात्र ध्यानात घ्या. जंगल भारा होऊन आपल्या चुलीत येतं, आणि आपल्या मोरीचं पाणी व उकिरड्याचा धुवा पावसाच्या लोटाबरोबर बोडीत नि तळ्यात जातो. हा व्यवहार थोडा आटोक्यात आणणं आपल्या हातात आहे. त्याला पैसा फारसा लागत नाही.

आधी आठ दिवस मोजा

घरात सरपण किती जळतं, हे विचारलं तर कुणी नेमकं सांगत नाही. "लागते तेवढं लागते जी," हेच उत्तर मिळतं. म्हणून पहिलं काम मोजण्याचं. सकाळी एक भारा वजनकाट्यावर तोलून वेगळा ठेवा. दिवसभर त्यातलंच लाकूड वापरा आणि रात्री उरलेलं पुन्हा तोला. असं आठ दिवस करा. स्वयंपाक किती, आंघोळीचं पाणी किती, ढोरांचं शिजवणं किती, हे जमलं तर वेगळं मांडा.

समजा, पाच माणसांच्या घरात दिवसाला ६ किलो लाकूड निघालं. महिन्याला ते १८० किलो होतं आणि वर्षाला जवळजवळ २२ क्विंटल. त्यातलं तिसरा हिस्सा वाचलं, म्हणजे रोजचे २ किलो, तर महिन्याला ६० किलो वाचतं. डोक्यावरचा भारा २० किलोचा धरला तर महिन्याचे तीन भारे झाले. म्हणजे घरच्या बाईच्या जंगलाच्या तीन खेपा कमी.

या तीन खेपांची किंमत वेगळी सांगायला नको. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. वाघ राहणार, वाढणार आणि फिरणारही. सरपण वेचणारी बाई वाकलेली असते. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, असं वनखात्याची माणसं नेहमी सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. तेव्हा जायचंच झालं तर उजाडल्यावर जावं, चार-पाच जणींनी मिळून जावं, आपसांत बोलत राहावं. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीत तोडायला मनाई आहे, तिकडे वळूच नये. पण मुळात खेप टळली तर सगळंच टळलं.

चुलीपाशी

नुसत्या तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत दहा लाकडं जाळली, तर त्यांतल्या एकाचीच ऊब भांड्याला मिळते. बाकीच्या नऊ लाकडांची ऊब भिंतीला, हवेला नि धुराला जाते. तो धूर घरधनिणीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, शेजारी बसलेल्या लेकराच्याही जातो. म्हणून लाकूड वाचवणं आणि धूर कमी करणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे लाकूड कोरडं ठेवणं. ताज्या ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते पाणी वाफ होऊन उडून जाईपर्यंत चूल फुंकत बसावं लागतं. तेव्हा उन्हाळ्यातच लाकूड फोडून, मनगटापेक्षा जाड राहणार नाही असं करून, पडवीत किंवा छपरीत जमिनीपासून वीतभर उंच रचावं. खाली चार दगड नि दोन बांबू टाकले की झालं. पावसाळ्यात रोजचं लाकूड आदल्या दिवशी चुलीजवळ आणून ठेवावं. चुलीवर मात्र ठेवू नये, ठिणगी पडते.

दुसरी गोष्ट झाकणाची. उघड्या भांड्यातून वाफेबरोबर सरपण उडून जातं असं समजा. तुरीची, लाखोरीची, वालाची डाळ रात्री भिजत घातली तर सकाळी लवकर शिजते. भाताला आपल्याकडे पुष्कळ पाणी घालून पेज काढायची पद्धत आहे. पेज वाया जात नाही, माणसं पितात, ढोरांनाही मिळते, हे खरं. पण ते जास्तीचं पाणी उकळायला जास्तीचं लाकूड लागतंच. पेज हवी त्या दिवशी काढा. एरवी तांदळाच्या दुपटीनं, जुना तांदूळ असेल तर थोडं अधिक, मोजून पाणी घाला आणि भात त्यातच मुरू द्या.

निर्धूर चुलीबद्दल लोक नाराज आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. १९८३ साली सरकारनं सुधारित चुलींची देशव्यापी मोहीम काढली आणि गावोगाव चुली बसल्या. काही वर्षांत त्यांतल्या पुष्कळ मोडल्या. दोष चुलीच्या कल्पनेत नव्हता. धुराड्यात काजळी साचली ती कुणी काढली नाही, आणि जाड ओंडका आत जावा म्हणून चुलीचं तोंड कोयत्यानं मोठं केलं. तोंड मोठं झालं की ओढ तुटते आणि धूर पुन्हा घरात येतो. आता कुणी अशी चूल घालणार असेल तर आधी हे मनाशी ठरवा, की दर महिन्याला धुराडं झाडायचं, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी झाडायचं, आणि लाकूड तोंडाच्या मापानं फोडायचं. हे होत नसेल तर साधी चूलच बरी, निदान घरधनिणीला तिची सवय असते.

गॅसचंही सांगून टाकू. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. जंगलाकाठच्या गावांना वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतूनही शेगड्या मिळाल्या. तरी चूल विझली नाही. एक बाई म्हणाल्या, "सिलिंडर हाय जी, पन दर खेपी भराले पैसे कोठून आनू?" यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही. पण एक पाहण्यासारखं आहे. गॅसवर चहा आणि भाजी होते, आणि आंघोळीचं पाणी, ढोरांचं शिजवणं चुलीवर राहतं. सगळ्यांत जास्त लाकूड याच दोन कामांना जातं. फेब्रुवारी ते मे या दिवसांत पत्र्याच्या डब्याला बाहेरून काळा रंग देऊन, झाकण लावून, तो भिंतीच्या आडोशाला उन्हात ठेवला तर दुपारपर्यंत पाणी चांगलं तापतं. शेतावरून आल्यावर संध्याकाळची आंघोळ त्यावर होते. थंडीतल्या पहाटे या डब्याचा काही उपयोग नाही, हे उघड आहे.

तणसाची पेटी

आता जी युक्ती सांगतो, ती आपल्या धानाच्या मुलखासाठीच केली आहे असं वाटावं. तिला तणस लागतं, आणि तणसाला आपल्याकडे तोटा नाही.

तणसातून ऊब बाहेर जात नाही, हे आपण जाणतोच. थंडीत ढोरांखाली आणि आपल्याही गोदडीखाली आपण तेच घालतो. मग उकळलेलं भांडं तणसात गाडून ठेवलं तर ते आपल्याच ऊबेवर शिजत राहील. चूल विझवून टाकता येते.

एक जुनी लाकडी पेटी किंवा बांबूचा मोठा टोपला घ्या. तळाला वीतभर जाडीचं कोरडं तणस दाबून भरा. मध्ये भाताचं भांडं ठेवून चारही बाजूंनी वीतभर जाडीचं तणस ठासून भरा आणि भांडं काढून घ्या. घरटं तयार झालं. त्यावर जुन्या लुगड्याचं अस्तर टाका, म्हणजे काड्या अन्नात पडणार नाहीत. झाकणासाठी गोणपाटात तणस भरून एक उशी शिवा.

भात चढवा. चांगली उकळी आल्यावर पाच मिनिटं उकळू द्या, झाकण घट्ट बसवा आणि भांडं उचलून पेटीत ठेवा. त्याआधी एक काम विसरू नका. भांड्याच्या बुडाला निखारा किंवा ठिणगी चिकटलेली नाही ना, हे पाहा आणि बूड ओल्या फडक्यानं पुसा. तणसाला पेट घ्यायला क्षण लागत नाही. पेटीही चुलीपासून दहा पावलं दूर असावी. मग उशी वर दाबून ठेवा. भात तासाभरात होतो. भिजवलेली डाळ आधी दहा-पंधरा मिनिटं उकळून पेटीत ठेवली तर दोन-तीन तासांत शिजते. खाण्याआधी तिला एक उकळी द्यावी.

भांडं भरलेलं असेल तर ऊब टिकते. पावशेर भातासाठी पेटी चालत नाही, पाच-सहा माणसांचा स्वयंपाक हवा. मध्येच उशी काढून डोकावायचं नाही, एकदा उघडलं की सगळं मुसळ केरात. आणि अन्न पेटीत रात्रभर ठेवायचं नाही. चार-पाच तासांनंतर ते कोमट होतं आणि कोमट अन्न लवकर आंबतं. तणस ओलं झालं की बदला, जुनं ढोरांखाली टाका.

रोवणीच्या दिवसांत याचा खरा उपयोग आहे. पहाटे उकळी आणून भांडं पेटीत ठेवलं नि बाई बांधीवर गेली, तर दहा वाजता माणूस पाठवून गरम भात शेतावर नेता येतो. चुलीपाशी कुणाला बसवून ठेवावं लागत नाही. पहिल्या दिवशी सासूबाई हसतील. त्या दिवशी थोडाच भात लावू नका, नाहीतर तो कच्चा राहील आणि पेटी कायमची माळ्यावर जाईल.

शेण जाळावं की खत करावं

सरपण कमी पडलं की गोवऱ्यांकडे हात जातो. गोवरी जळते तेव्हा शेणातलं नत्र हवेत निघून जातं आणि हाती राखच उरते. हे टाळून शेणापासून जाळही मिळवायचा असेल तर गोबर गॅस आहे.

हिशेब असा. १ किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस होतो. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. दावणीला बांधलेली चार-पाच मोठी जनावरं असतील तर एवढं शेण मिळतं. मात्र आपली ढोरं दिवसभर चरायला जातात, त्यांचं निम्मं शेण रानातच पडतं. तेव्हा जनावरं मोजू नका, सकाळी गोठ्यात पडलेलं शेण घमेल्यानं तोलून पाहा. शेण पुरेसं नसताना बांधलेलं संयंत्र दोन वर्षांत कोरडं पडतं, आणि मग गावभर गोबर गॅस चालत नाही असं होतं. थंडीत गॅस कमी येतो, हेही आधीच माहीत असू द्या. बाहेर पडणारी मळी उत्तम खत आहे, तिच्यातलं नत्र शाबूत असतं. अनुदान चालू साली किती आहे, ते पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे विचारावं.

मोरीचं पाणी

भांडी, कपडे, आंघोळ यांचं पाणी दारामागं जिथं वाट मिळेल तिथं वाहतं. तिथं डबकं होतं, डबक्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो, आणि हाच डास हत्तीरोग पसरवतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे या रोगासाठी माहीत आहेत. सुजून जड झालेला पाय घेऊन बांधीत चिखल तुडवणारी माणसं आपण पाहिली आहेत. तो पाय पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. डास रात्री चावतो, आणि उष्ण दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याच्या मोहिमेत गोळ्या वाटतात, त्या माणसासमोरच गिळाव्या, खिशात ठेवू नयेत. पण डबकं दारात ठेवून नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून गावातली गटारं आणि डास दोन्ही घालवले. पुढे या कामाला नांदेड पॅटर्न असं नाव पडलं. खड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. मधोमध बाजूंना भोकं पाडलेली सिमेंटची टाकी. तिच्याभोवती खाली मोठे दगड, वर लहान, त्यावर बारीक खडी. मोरीचं पाणी टाकीत पडतं, भाताची शितं नि केस तिथं तळाशी बसतात, आणि पाणी भोकांतून दगडांत जाऊन जमिनीत जिरतं. टाकीतला गाळ अधूनमधून काढावा लागतो. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही.

आता आपल्या जमिनीचं पाहू. बर्डी किंवा मोरांड जमीन असेल तर खड्डा छान चालतो. कन्हार मातीत पाणी सावकाश जिरतं, तिथं खड्डा मोठा हवा. तळ्याच्या खालच्या अंगाला घर असेल आणि पावसाळ्यात चार फुटांवरच पाणी लागत असेल, तर शोषखड्ड्याच्या नादी लागू नये. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर निदान पन्नास फूट अंतर ठेवावं.

अशा घरांनी पाणी सांदवाडीत फिरवावं. पाटानं एक दिवस केळीला, दुसऱ्या दिवशी कोचईला, तिसऱ्या दिवशी पपईला किंवा शेवग्याला. पाणी एका जागी दिवसभर साचू न देणं एवढंच पथ्य. भांडी राखेनं घासली तर सोड्या-साबणाचं पाणी कमी होतं आणि झाडांनाही बाधत नाही. मोरीच्या पाण्यावर कोथिंबीर-पालक मात्र लावू नये, ते कच्चं खाण्यात येतं.

उकिरड्याचा खड्डा

गावाबाहेर शेण ओतून ढीग करतो त्याला आपण खत म्हणतो. पावसानं त्याचा कस धुऊन बोडीत जातो, उन्हानं उरलेला उडतो. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा उंचवट्यावर, झाडाच्या सावलीला घ्यावा. भोवती वीतभर पाळ करावी, म्हणजे वरचं पाणी आत येणार नाही. शेण, काडीकचरा, चुलीची राख, खराब तणस असे थर द्यावे. खड्डा भरून दीड फूट वर आला की शेण-मातीनं लिंपावा. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. प्लॅस्टिक, काच, टॉर्चचे सेल, गोळ्यांची पाकिटं यांत पडू देऊ नयेत. ते बांधीत गेलं की रोवणी करणाऱ्या पायांना लागतं.

जनावराच्या मूत्राकडे आपण लक्ष देत नाही. जनावर जेवढं नत्र बाहेर टाकतं त्यातलं निम्म्याच्या आसपास मूत्रात असतं. गोठ्यात तणस अंथरलं की ते मूत्र शोषून घेतं. ते भिजलेलं तणस रोज सकाळी खड्ड्यात टाकावं.

यातून मिळतं काय? चांगल्या शेणखतात शंभर किलोला अर्धा किलो नत्र धरतात. बंडीत पाच क्विंटल खत धरलं तर दहा बंड्यांत २५ किलो नत्र आलं. तेवढं नत्र ५४ किलो युरियात असतं, म्हणजे हल्लीच्या ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबानं एक गोणी आणि वर नऊ किलो. शेणखतातलं नत्र सगळं पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही लागू पडतं. तेव्हा पहिल्याच साली युरिया एकदम बंद करू नका, एका बांधीत थोडा कमी करून पीक पाहा, मग ठरवा.

अक्षय तृतीयेनंतर बंड्या शेतावर न्याव्या. बांधीत लहान ढीग टाकून पंधरा-पंधरा दिवस उन्हात ठेवायची सवय सोडावी. ज्या दिवशी खत पडेल, त्याच दिवशी पसरून वखरानं मातीत मिसळावं.